मंगळावरची वाफ

फार पूर्वी एका डोंगरावरच्या वेधशाळेत एक म्हातारी दुर्बीण होती. नवी दुर्बीण येणार म्हणून हिला अडगळीत टाकायचं ठरलं होतं. एका संध्याकाळी तिच्या लोलकानं मंगळाचा प्रकाश रंगांत फोडला, तर त्यात काळ्या रेघा दिसल्या. हवेत पाण्याची वाफ असली, की दिसतात तशा.

"मंगळावर पाणी!" दुर्बीण हरखली. "आता कोण टाकतंय मला अडगळीत, बघतेच!"

लोलक म्हणाला, "आक्का, जरा चंद्राकडं वळतेस का?"

"तिथं हवाच नाही, तर वाफ कुठली मेल्या? माझं नशीब उघडलं, तर तुझ्या पोटात दुखतंय होय?"

"दुखेल कशाला? तुझ्याबरोबर मीही अडगळीतच जाणार की."

ती कुरकुरत वळली. चंद्राच्या प्रकाशातही त्याच रेघा होत्या, तेवढ्याच ठळक. म्हणजे वाफ मंगळाची नव्हती, मधल्या आपल्याच हवेची होती.

तेवढ्यात जिन्यावर वेधशाळेच्या गुरुजींची पावलं वाजली.

"काय करायचं गं आक्का?" लोलकानं हळूच विचारलं.

गुरुजी येऊन तिला मंगळाकडं वळवू लागले. पण चंद्राच्या प्रकाशातल्या रेघा त्यांना दिसेपर्यंत ती तसूभरही हलली नाही.