दुसऱ्यांदा विचारणं

“‘मी विचारलं होतं.’ एवढंच लिहिलंय तिनं, बाबा. याचा अर्थ काय लावायचा माणसानं?”

गफूरबाबा चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा होता निनाद परचुरे, सिनेमावाला. चार देशांतल्या चार गोष्टी एकात एक गुंफून त्यानं सिनेमा काढला होता. माणसं बोलतात, पण एकाचं दुसऱ्याला पोचत नाही, असा विषय. बक्षिसं मिळाली, परदेशात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि जिच्यावरच्या रागापायी हा सगळा घाट घातला, तिनं सिनेमा पाहून हे तीन शब्द धाडले. त्यांनी त्याची झोप उडवली. म्हणून स्वारी बालाघाटच्या डोंगरातली ही टेकडी चढून फकिराच्या दारात आली होती.

“ती कोण?” बाबांनी विचारलं.

“मार्ता. माझी बायको... होती. हॉलंडची.”

“भाषेची अडचण?”

“छे! पुण्यात राहून मराठी शिकली. माझ्या आईशी मराठीतच भांडायची.”

“मग?”

“आई गेली तेव्हा ती माहेरी होती. सासू गेली, बाबा, आणि सून आली नाही! माझ्या चौथ्या गोष्टीतली बाई तीच. काळजाच्या जागी दगड असलेली.”

“फोनही नाही केला?”

“केला ना. म्हणाली, मी येऊ का?”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, नको, कशाला उगाच धावपळ.”

“आणि ती?”

“‘बरं’ म्हणाली. फोन ठेवला. त्या एका ‘बरं’वर संसार मोडला आमचा. मी परत बोललोच नाही तिच्याशी.”



भाकरी टम्म फुगली. बाबांनी ती तव्यावरून उतरवली.

“खातोस का?”

“नको बाबा, आत्ताच खाऊन आलोय.”

साफ खोटं. सकाळपासून चहाखेरीज काही नव्हतं, पोटात कावळे ओरडत होते. पण आपल्याकडची रीतच ती. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘बरं, अर्धीच’, आणि तिसऱ्यांदा आपण नको-नको म्हणत असताना वाढणाऱ्यानं पानात टाकायची. निनाद दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत बसला.

बाबांनी अर्धी भाकरी स्वतः खाल्ली. उरलेली दाराशी बसलेल्या कुत्र्याला घातली.

“बाबा... थोडा आग्रह तरी करायचा!” तो हसून म्हणाला, पण मनाला लागलं होतं.

“तू नको म्हणालास.”

“अहो, ते म्हणायचं असतं म्हणून...”

वाक्य तिथंच अडकलं.

फोन कानाशी धरून उभी असलेली मार्ता त्याला दिसली. तिच्या देशात माणूस एकदाच विचारतो, आणि नको म्हणजे नको. हे त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. लग्नानंतर तिच्या आईकडे तो दोन दिवस अर्धपोटी राहिला होता, आणि तो किस्सा मित्रांना रंगवून रंगवून सांगत सुटला होता. आई गेली त्या दिवशी तेवढं आठवलं नाही.

कुत्रा भाकरी संपवून निघून गेला.

“येऊ का म्हणाली हो ती... आणि मी तिला जगभर दगड म्हणून दाखवलं.” निनादला रडू आवरेना. “आता तिचं दुसरं लग्न झालंय. आता काय करू मी, बाबा?”

बाबांनी माठावरच्या तांब्याला हात घातला.

“पाणी देऊ?”

निनादच्या घशाला कोरड पडली होती.

“नको, राहू द्या, तुम्ही कशाला उगाच...”

बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली.

बाबांनी तांब्यावरचा हात काढून घेतला.

“बरं.”