केळीखालचं निळं पाणी

आटपाट नगर काही नव्हतं ते. आठवडे बाजाराचं साधंसुधं गाव होतं. त्या गावात गजाबाशेट नावाचा एक भांड्यांचा व्यापारी राहत होता. गिऱ्हाईक आलं की शेट आधी भांडं बोटाच्या पेरानं वाजवून दाखवायचा. म्हणायचा, "ऐका! ठण्ण वाजलं तर घ्या. बद्द वाजलं तर घेऊ नका, माझ्या दुकानातलं असलं तरी घेऊ नका." माणूस असा सचोटीचा. पण एका गोष्टीपुढे त्याची सगळी अक्कल गहाण पडायची. ती गोष्ट म्हणजे त्याच्या परसातली केळ.

आणि काय ती केळ! एकेक पान होडीएवढं. एकेक घड असा, की उचलायला दोन गडी लागावेत. उन्हाळ्यात आजूबाजूची झाडं करपायची, शेजारची कर्दळसुद्धा मान टाकायची, ही मात्र हिरवीगार, तुकतुकीत, जणू कालच न्हाऊन आली आहे. कोणी विचारलं, "शेट, खत कसलं घालता?" की शेट हात पुढे करायचा. "खत कसलं! हातगुण आहे, हातगुण!"

शेटचं घर दुमजली. त्याच्या वडिलांनी मोठ्या थाटात माडीवर संडास बांधला होता. अख्ख्या गावात तसा पहिलाच. तिथून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाडजूड पाइप मागच्या भिंतीवरून खाली उतरला होता. खाली तो जमिनीत शिरायचा आणि परसाच्या पोटातून पार टोकाच्या मैल्याच्या टाकीपर्यंत जायचा. वडील सांगून गेले होते, "हत्तीचा पाय आहे हा. नातवंडांचे केस पिकतील, पण ह्याला काही व्हायचं नाही." म्हणून दर दिवाळीला शेट भिंतीवरच्या पाइपाला चकचकीत हिरवा रंग द्यायचा. जमिनीखालचा पाइप मात्र वडिलांच्या पश्चात कोणी पाहिलाच नव्हता. आणि केळ उभी होती ती नेमकी त्याच्यावर.

त्या वर्षी भैरोबाचा उत्सव तोंडावर आला आणि पंचांनी ठरवलं, यंदा गावजेवणाला पानं गजाबाशेटच्या केळीची. देवाच्या नैवेद्याचं पहिलं पान शेटनं स्वतः डोक्यावर घेऊन जायचं, पुढे हलगी, मागे गाव! शेटला स्वर्ग दोन बोटं उरला. त्यानं नवा फेटा आणला. आरशापुढे डोक्यावर परात ठेवून तो चालून बघू लागला.

घरात एकाच माणसाच्या जिवाला घोर होता. ती त्याची सून हौसा. तिचा नवरा दुकानाच्या मालासाठी परगावी गेलेला. घरात ती, सासरा आणि तिची रांगती गोदू. गोदूचं पोट काही केल्या ठरत नव्हतं. आज बरं, उद्या परत तेच. पोरीचे गाल उतरले होते. शेजारच्या बायजाकाकू म्हणाल्या, "दात येताहेत गं." पण गल्लीतली दात आलेली पोरंही पोट धरून बसत होती. सगळी गल्ली पाणी प्यायची ती बायजाकाकूंच्या आडाचं. आणि तो आड होता शेटच्या परसाच्या कुंपणाला लागून, केळीपासून चार पावलांवर.

हौसा केळीकडे बघायची आणि तिच्या मनात एकच प्रश्न यायचा. शेवटी तिनं तो विचारला.

"मामंजी, ही केळ खाते काय?"

"म्हणजे?"

"हिला आपण ना शेण घालत, ना खत. पाणीसुद्धा घालत नाही. मग ही एवढी माजते कशावर?"

"आपल्या घराण्याच्या पुण्यावर!" शेट हसून म्हणाला.

"मामंजी, हिच्या बुडाशी वास येतो. आपला पाइप तर खाली फुटला नसेल? आणि पलीकडे आड..."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस! सूनबाई, तुला दुधावर साय आली तरी काहीतरी तरंगतंय असं वाटतं. उत्सव होऊ दे. मग बघू तुझा पाइप."

उत्सवानंतर! हौसाला घास गोड लागेना. तोवर पोरीनं किती वेळा पोट धरायचं? बोलून उपयोग नव्हता. आणि तिचंही एक मन म्हणत होतं, आपण उगीच भीत असू तर? नुसत्या संशयावर घर खोदा म्हणून कसं सांगायचं?

तिला एक युक्ती सुचली. धुण्याच्या कपड्यांना घालायची नीळ घरात होती. दिवेलागणीला तिनं बादलीभर पाण्यात ती सगळी नीळ कालवली, माडीवर गेली आणि संडासात ओतली. वर आणखी चार बादल्या पाणी सोडलं. पाइप धड असेल तर नीळ जाईल टाकीत. सकाळी टाकीचं झाकण उचलून बघायचं. निळं दिसलं की आपला जीव भांड्यात. कोणाला कळायचंही नाही.

पण सकाळी हौसाच्या आधी शेट उठला. रोजच्यासारखा केळीच्या दर्शनाला गेला आणि अशी आरोळी ठोकली, की झाडावरचे कावळे उडाले.

"चमत्कार! अरे चमत्कार! धावा!"

केळीच्या बुडाशी निळंशार पाणी वर आलं होतं. मोरपिसासारखं निळं!

बघता बघता परस माणसांनी भरला. गुरव आला. "भैरोबानं मान मान्य केला हो!" असं म्हणून त्यानं घंटाच वाजवायला घेतली. कोणी नारळ फोडला, कोणी कुंकू उधळलं. बायका केळीची ओटी भरू लागल्या. शेट नवा फेटा बांधून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एक म्हातारबा म्हणाले, "गजाबा, तुझ्या बापाचं पुण्य रे!" दुसरा म्हणाला, "बापाचं कशाला? ह्याचा हातगुणच तसा!"

एवढ्यात आडावर गेलेली एक बाई घागर तिथंच टाकून धावत आली. "अगं बाई, आडातसुद्धा देव आला! पाणी निळसर झालंय!"

गर्दीनं जयजयकार केला. हलगीवाला घरी जाऊन हलगी घेऊन आला. सगळे आनंदानं नाचत होते आणि दारात उभ्या हौसाच्या पायांखालची जमीन सरकत होती. तिच्या संशयाचं उत्तर तिला मिळालं होतं. टाकीत जायचं ते केळीखाली येत होतं, आणि केळीखालचं आडात जात होतं. आडातलं कुठं जात होतं, ते काय सांगायला हवं?

सांगावं का? सांगितलं तर सासऱ्याची पगडी सगळ्या गावासमोर धुळीत जाणार. नवरा परत आल्यावर काय म्हणेल? गाव तर जन्मभर म्हणेल, गजाबाच्या सुनेनं देव संडासात घातला. गप्प राहिलं तर? उत्सव पार पडेल. मग हळूच सांगता येईल. हौसानं ओठ घट्ट मिटले.

"तीर्थ घ्या, तीर्थ!" गुरव ओरडला. त्यानं पळीनं निळं पाणी भरून शेटच्या तळहातावर घातलं. बायजाकाकूंनी तर गोदूला कडेवर घेतलं होतं. त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवलं. "माझ्या सोनीला आधी. देवाचं आहे, पोट बरं होईल हो." गोदूनं चिमणीसारखं तोंड उघडलं.

"थांबा!"

हौसा गर्दी फोडत अशी आली, की गुरवाच्या हातातली पळी उडून गेली. तिनं काकूंचं बोट धरलं. "काकू, तीर्थ नाही ते! आमच्या संडासाचं पाणी आहे! मामंजी, पिऊ नका! नीळ मी घातली, काल, वरच्या संडासात!"

हलगी थांबली. कोणीतरी खोकलं. ज्यांनी तीर्थ आधीच घेतलं होतं ते कुंपणाकडे पळाले.

"सूनबाई!" शेटचा चेहरा लालबुंद झाला. "शुद्धीवर आहेस का? गावासमोर घराची अब्रू..."

"मामंजी, अब्रू मागनं मिळवता येईल. ही पोर नाही मिळायची." तिनं गोदूला काकूंच्या कडेवरून घेऊन छातीशी आवळून धरलं. "केळ ज्यावर माजली त्याला तुम्ही पुण्य म्हणालात. ह्या गल्लीतली पोरं ते पुण्य रोज पिताहेत."

शेटला ह्यातून सुटायला एक वाक्य पुरे होतं. 'माझ्या सुनेचं डोकं फिरलंय' असं म्हटलं असतं, तर गावानं आनंदानं मान डोलावली असती. सगळ्यांना देवच हवा होता. संडास कोणाला हवा?

शेटनं आपल्या तळहातावरच्या निळ्या पाण्याकडे पाहिलं. मग गोदूकडे पाहिलं. तिचं तोंड अजून उघडंच होतं. तीर्थ अजून का मिळत नाही, म्हणून ती वाट बघत होती.

शेटनं हात झटकला. फेटा उतरवला, कुंपणावर टाकला.

"कुदळ आणा," तो म्हणाला. "आणि त्या आडावर कोणीतरी उभं राहा. एक घागर बुडता कामा नये."

"शेट, केळ?" कोणीतरी विचारलं.

"तिच्यापासूनच सुरुवात."

मग जी धांदल उडाली ती काय वर्णावी! देवासाठी जमलेलं गाव पाइपासाठी थांबलं. कोणी कुदळ, कोणी घमेलं, कोणी दोर. उस्मान मिस्त्रीला निरोप गेला. केळ आडवी झाली तेव्हा शेटनं तोंड फिरवलं, पण हात थांबवला नाही. खाली बघतात तर काय! केळीच्या मुळांनी पाइपाला अजगरासारखा विळखा घातला होता. सांध्यासांध्यांतून मुळं आत शिरली होती. आणि तो हत्तीचा पाय? भज्यांच्या झाऱ्यासारखा भोकाभोकांचा! उस्मान मिस्त्रीनं उचलायला हात घातला, तर त्याच्या हातात गंजाचा भुगा आला.

"शेट," मिस्त्री म्हणाला, "हा पाइप नव्हता. ही केळीची दूधबाटली होती."

शेटलाही हसू फुटलं. रडता रडता हसला बिचारा. म्हणाला, "जमिनीखालचा गेला तो गेला. भिंतीवरचा तरी शाबूत आहे. तो राहू दे. रंग बघा कसा टवटवीत..." बोलता बोलता सवयीनं त्याचं बोट उठलं. त्यानं पेरानं पाइप वाजवला.

बद्द.

पुन्हा वाजवला. बद्द. तिसऱ्यांदा जरा जोरात मारलं, तर बोट रंगातून आरपार गेलं. लोखंड कधीच संपलं होतं. रंगावर रंग चढून नुसता रंगाचा पाइप उभा होता.

शेट मटकन जोत्यावर बसला. "उभ्या जन्मात गिऱ्हाईकाला भांडं वाजवून दिलं," तो म्हणाला, "आणि घरचं एकदाही वाजवून बघितलं नाही."

मग माडीपासून टाकीपर्यंत सगळा पाइप बदलला. नवे लांबलचक पाइप आले, सांधे घट्ट बसले, उतार नीट धरला. तोवर शेटच्या घरची माणसं लोटा घेऊन शेजाऱ्यांच्या दारी जात होती आणि शेजारी हसून म्हणत होते, "या, या, मानकरी या!" शेट मुकाट्यानं जायचा. गड्यांनी आड उपसला, पाण्यात औषधाची पावडर टाकली. आड पुरता निवळेपर्यंत गल्लीनं दुसऱ्या आळीतून पाणी भरलं. तेही हौसानं उकळायला लावलं आणि ह्या खेपेला कोणी तिला भित्री म्हटलं नाही.

शेवटचा सांधा बसला त्या दिवशी शेट स्वतः नीळ घेऊन आला. "सूनबाई, घाल तुझं तीर्थ!"

हौसा माडीवर धावली. खाली गल्ली जमलेली. काही लोक टाकीच्या उघड्या झाकणापाशी, काही केळीच्या रिकाम्या खड्ड्याभोवती. वरून पाणी सुटलं. पाइपातून धडधड आवाज खाली आला. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

"आली! आली! टाकीत आली!" पोरं किंचाळली.

"आणि इकडे?" हौसा माडीवरून ओरडली.

बायजाकाकूंनी खड्ड्यातली माती मुठीत घेऊन उंच धरली. "कोरडी गं पोरी! ठणठणीत कोरडी!"

हलगीवाला पुन्हा हलगी घेऊन आला. संडासाच्या टाकीभोवती नाचणारं गाव तुम्ही कधी पाहिलंय? त्या दिवशी ते नाचलं. शेट सगळ्यांच्या पुढे होता.

उत्सवात गाव पळसाच्या पत्रावळीवर जेवलं. पहिल्या पानाचा मान दुसऱ्याच घराला गेला. शेट पंगतीत पाणी वाढत फिरत होता. गोदू आईच्या मांडीवर बसून वरणभात खात होती आणि तो तिच्या पोटात राहत होता. हौसाला त्याहून मोठा मान नको होता.

पुढे शेटनं त्याच केळीचं एक पिल्लू न्हाणीच्या पाण्यावर लावलं. त्याला शेणखत घातलं. ते हळूहळू वाढलं. पानं बेताची, घडही बेताचाच आला. येणारे-जाणारे म्हणायचे, "शेट, पूर्वीची मजा नाही राहिली हो."

शेट त्यातलंच एक बारकं केळं सोलायचा, अर्धं गोदूच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "नसेना का. ही काय खाते, ते मला ठाऊक आहे."

तात्पर्य: भरभराट दिसली की हुरळून जाऊ नये, ती कशावर पोसली आहे ते खणून पाहावं, आणि घराची गळती उघड करणारा माणूस घर बुडवत नसतो, तोच ते वाचवत असतो.