फुंकणीने वाचवलेलं वाक्य

करवंदगडच्या दरबारात सकाळी सकाळी वाक्य फिरलं आणि हिरू झाडूवाल्याच्या गळ्याशी आलं.

वाचस्पतीशास्त्र्यांनी महाराजांच्या हौसेखातर एक वाक्य उलट्या झाडासारखं छताला टांगलं होतं: एकेका शब्दाची पाटी काठीच्या टोकाला गाठीने बांधलेली, आणि प्रत्येक काठी मधोमध दोरीला लोंबती. वरच्या काठीच्या एका टोकाला ‘माहूत’, दुसऱ्या टोकाला दुसरी काठी. तिच्या एका टोकाला ‘हत्तीला’, दुसऱ्या टोकाला तिसरी काठी; त्या तिसरीला ‘देतो’. अशा काठीखाली काठ्या, आणि सगळ्यांत खालच्या इवल्या काठीवर ‘गोड’ आणि ‘ऊस’ शेजारी शेजारी. ‘माहूत हत्तीला गोड ऊस देतो.’ दरबारी रोज माना डोलवत. कळत कुणालाच नव्हतं, पण तसं बोलून दाखवायची कुणाची छाती होती?

आज मात्र तिथे होतं, ‘गोड ऊस देतो हत्तीला माहूत.’

“काल खिडक्या उघडून झाडलोट यानेच केली,” शास्त्री कडाडले. “गाठी सोडून शब्द हलवले याने!”

हिरूची बहीण बायजा पाळण्यावरची खेळणी बनवायची. ती धावत आली, तेव्हा महाराज ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

“हात न लावता, एकही गाठ न सोडता वाक्य होतं तसं कर. नाही जमलं, तर तुझा भाऊ संध्याकाळच्या आत वेशीबाहेर.”

बायजाने वर पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. अहो, हे तर पाळण्यावरचं खेळणं! चिमण्यांच्या जागी शब्द, एवढाच काय तो फरक.

“महाराज, मुदपाकखान्यातली फुंकणी मिळंल का?”

दरबार फिदीफिदी हसला. फुंकणी आली. बायजाने वरच्या काठीच्या टोकावर जोरात फुंकर मारली. काठी गर्रकन फिरली, आणि ‘माहूत’ पहिला आला. आता वाक्य झालं, ‘माहूत गोड ऊस देतो हत्तीला.’

“अनर्थ!” शास्त्री उठूनच उभे राहिले. “‘गोड’ माहुताला जाऊन चिकटला. आता आमचा माहूत गोड ठरला!”

महाराजांच्या कपाळावर आठी चढली. “खरंच की. काय गं, आता काय म्हणणं आहे तुझं?”

बायजाला त्या शहाण्या माणसाची कीवच आली.

“महाराज, शास्त्रीबुवा रोज तुमच्या शेजारी बसत्यात. म्हणून गादी त्यांची झाली का? शेजार तर वाऱ्यानंबी बदलतो. नातं बघायचं तर कोण कोणासंगं एका काठीला बांधलंय ते बघावं. ‘गोड’ अजून उसाच्याच काठीला हाय. वाऱ्यानं सगळी रांग फिरंल, पण गाठ सोडल्याबिगर त्याला उसापास्नं कोण तोडणार? आन गाठी तर हिरूनं सोडल्याच न्हाईत; खिडकीतनं आलेल्या वाऱ्यानं काठ्या फिरल्या.”

दुसऱ्या काठीवर तिने हलकेच फुंकर घातली. ‘माहूत हत्तीला गोड ऊस देतो.’

महाराज पोट धरून हसले. शास्त्री गादीपासून हातभर मागे सरकले, ते पाहून तर महाराजांना ठसकाच लागला.

“हिरूला सोडा,” ते डोळे पुसत म्हणाले. “आणि या बाईला पैठणी द्या. आजपासून दरबारात हिचा मान शास्त्रीबुवांच्या बरोबरीचा. बसू दे तिला हवं तिथे, मान काही शेजारावर ठरत नाही!”