बोरखिंडीचे भाले आणि राजांचा उरलेला गाल

“आजपासून रयतेच्या हाती धारेचं पातं दिसता कामा नये! दुपारच्या आत सगळं शस्त्रागारात जमा!”

ऐन दसऱ्याच्या सकाळी साळवणच्या राजांनी हुकूम सोडला. डोंगरातल्या बोरखिंडीत घरोघरी भाले आहेत, आणि भाले असले की बंड आलंच, असे कुणीतरी त्यांचे कान भरले होते. राजे तसे भले, पण कानाचे हलके!

बोरखिंडीची गजरा जुना ताम्रपट डोक्यावर घेऊन तडक दरबारात आली. तिची नाचणी कापणीला आली होती आणि रानडुकरं रोज बांधावर हजेरी लावत होती. भाला गेला तर वर्षाची भाकरी गेली.

“म्हाराज, तुमच्या आज्यानं लिवून दिलंय. दर घरी एक भाला ऱ्हाईल, कुन्या राजानं त्यो काढून घेऊ नये. शेजाऱ्यावर उगारला, तर गावानंच त्यो मोडून टाकावा. आन् आता भाला न्येला, तर आमची नाचनी रानडुकरं खातील!”

“डुकरांना माझे शिपाई आहेत की!”

“हायेत ना! मागल्या साली बिबट्या आला, तवा आलं हुतं. शेरडी खाऊन, ढेकर दिऊन त्यो गेल्यावर!”

दरबारी मिशीत हसले. राजे चिडले. पण आजोबांचा शब्द उघड उघड मोडवेना, म्हणून त्यांनी अटच अशी घातली की बाईने हात टेकावेत.

“रयतेतला असा एक माणूस दाखव, जो माझ्या पगारावर नाही, ज्याच्या हातात उघडं पातं आहे, आणि ज्याच्यापुढे मी खुशाल मान देऊन डोळे मिटीन! दाखवलास तर ताम्रपट कायम. नाहीतर वितळवून त्याचं घंगाळ करीन!”

गजराने राजांकडे नीट पाहिलं. काल खंडेनवमी. सगळ्या राज्यातली हत्यारं-अवजारं पूजेला मांडलेली, कुणी कशाला हात लावला नव्हता. राजांच्या गालांवरही दाढीचे खुंट वाढले होते. ती गालातल्या गालात हसली.

“दावते म्हाराज. तवर दाढी तर उरकून घ्या! मिरवणुकीत असं जानं बरं दिसंल का?”

राजांनी हनुवटी चाचपली. अंतोबा न्हाव्याला बोलावणं गेलं. अंतोबाने धोपटी उघडली, गरम पाणी आणि रिठ्याचा फेस लावला, वस्तरा चामड्यावर घासला. राजांनी मान मागे टाकली. डावा गाल होईतो ते चक्क घोरू लागले.

“अंतोबा, थांब!” गजरा ओरडली.

राजे दचकून जागे झाले. “काय झालं?”

“मानूस घावला, म्हाराज!”

“कुठे आहे?”

“तुमच्या नरड्याशी उभा हाय!”

“हा? हा तर माझा न्हावी!”

“पगार घेतोस का रं, अंतोबा?”

“छे! मी बलुतेदार. सुगीला गाव धान्य घालतं. वस्तरा आमच्या थोरल्यांचा.”

राजे गडबडले. “पण अंतोबाची गोष्ट वेगळी! त्याला मी ओळखतो!”

“मग आमालाबी वळखा की! तुमच्या आज्यानं वळखलं हुतं.”

तेवढ्यात अंतोबाने वस्तरा मिटून धोपटीत घातला.

“कुठे निघालास?”

“शस्त्रागारात, महाराज. दुपार होत आली. हुकूम म्हणजे हुकूम!”

बाहेर मिरवणुकीचे नगारे वाजू लागले. राजांनी एक गाल चाचपला, तो गुळगुळीत. दुसरा चाचपला, तो काटेरी! आणि पोट धरधरून असे हसले की फेस मिशांवर उडाला.

“हुकूम रद्द! ताम्रपट कायम!” त्यांनी हातातलं कडं काढून आपट्याच्या पानांसकट गजराला दिलं. “घे, हे दसऱ्याचं खरं सोनं! आणि अंतोबा, बाबा रे, आधी हा गाल कर!”

“करतो महाराज,” अंतोबा वस्तरा उघडत म्हणाला, “पण आता हसू नका. धार लागेल!”