पदराला बांधलेला गूळ

एकदा एक पोरगा शांतता शिकायला कॉलेजात गेला. हसू नका, तसलाही अभ्यास असतो आता. माणसं का भांडतात, भांडण मिटवायचं कसं, हे तिथं शिकवतात. पोराचं नाव निनाद. त्याचे गुरुजी वृद्ध, मितभाषी. परीक्षेआधी ते त्याला म्हणाले, "आता एक खरं भांडण मिटवून दाखव."

निनाद एका गावी गेला. तिथं भिवाजी आणि त्याच्या धाकट्या भावाची विधवा सगुणा यांचा सामाईक विहिरीवरून तंटा होता. दोघांचीही पिकं वाळू लागलेली. निनादने पाण्याचे समान तास पाडले. दिवसाची पाळी भिवाजीची, रात्रीची सगुणाची. भिवाजी म्हणाला, "मान्य." सगुणाने पदर सावरून मान हलवली. थोरल्या दिरापुढं बाईने बोलायचं नाही, ही तिथली रीत.

तंटा मिटला की दोन्ही घरांनी एका ताटलीतला गूळ खायचा, हीही तिथलीच रीत. गुरुजी मुद्दाम आले होते. विहिरीपाशी माणसं जमली. भिवाजीने गुळाचा खडा तोंडात टाकला. सगुणाने आपला खडा उचलला आणि हळूच पदराच्या टोकाला बांधला.

गुरुजी उठले. त्यांनी ताटली घेतली आणि उरलेल्या गुळासकट चिखलात पालथी केली.

निनाद पुढं धावला. "गुरुजी, हे काय केलंत? मिटलं होतं सगळं."

"म्हातारबाबा, भांडण लावायला आलात का?" भिवाजी म्हणाला.

"हो, त्यासाठीच. या पोरीचं भांडायचं राहून गेलंय. बोल बाई. रीत मोडल्याचा दोष माझ्या माथी."

सगुणा खाली बघून म्हणाली, "माझं माणूस रात्री पिकाला पाणी धरतानाच साप चावून गेलं. आता मी जायचं. मी गेले तर लेकराला कोण?"

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. निनादने तेवढंच विचारलं नव्हतं.

"बाळा," गुरुजी म्हणाले, "तास तू बरोबर मोजलेस. पण हिला नाही म्हणायची सोयच नव्हती, आणि तू तिची मान हललेली पाहून खूश झालास. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकारावर समेट उभा करू नये. त्यापेक्षा भांडण बरं. त्यात निदान दोघं बोलतात."

भिवाजीची मान खाली होती. धाकट्याला रानातून त्यानेच खांद्यावर आणलं होतं. "रात्री मी जाईन," तो म्हणाला. "हे मी आधीच म्हणायला हवं होतं."

सगुणाने पदराची गाठ सोडली. खडा दगडावर ठेचला, अर्धा दिरापुढं ठेवला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

आपल्या घरातही सगळे हो म्हणाले की जरा थांबावं. कुणी गूळ पदराला बांधून तर ठेवला नाही ना, एवढं बघून घ्यावं.