साकव कोणी बांधायचा?

ओढ्यावरचा साकव वाहून गेल्यापासून वाडीतल्या आजाऱ्याला डोलीत घालून पाण्यातून न्यावं लागे. उमेदवार भार्गवराव प्रचाराला आले, तेव्हा सुनंदा घवाळी भरसभेत उठली.

“साहेब, साकव बांधून द्याल?”

भार्गवराव हसले. “सारखं सरकारपुढे हात काय पसरता? माणसाने आपलं आपण करावं! मत मात्र मलाच द्या हं.”

“साकव आम्ही श्रमदानाने बांधू, साहेब,” सुनंदाचा आवाज चढला, “पण मग तुम्हीही आमच्यापुढे हात पसरू नका. तुमचं स्वतःचं एक मत आहे ना? तेवढ्यावर निवडून या!”

टाळ्यांनी मांडव दणाणला. घाम पुसत भार्गवराव शेजारच्या कार्यकर्त्याच्या कानाला लागले, पण माइक चालूच होता.

“अरे, साकवाला किती दिवस लागतात?”