धनेशाचं ‘हा आलोच’

फार जुन्या काळी रानात एक धनेश पक्ष्याचं नवं जोडपं होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे धनेशीण ढोलीत अंड्यांवर बसली, दार चिखलाने लिंपून घेतलं आणि लहानशा फटीतून नवऱ्याने आणलेली फळं खाऊ लागली.

धनेश रोज सकाळी म्हणायचा, “हा गेलो नि हा आलोच.” यायचा मात्र ऊन कलल्यावर. भुकेने तिला वाटायचं, दार फोडून बाहेर पडावं. पण मग अंडी गार पडली असती.

“फळांचा वड जवळच तर आहे,” एका संध्याकाळी तो म्हणाला. “उद्या बघ, कसा लवकर येतो.”

“अहो, उद्याचं राहू द्या. काल काय झालं?”

“वडावर माकडं होती. मग मामा भेटले.”

“आणि परवा?”

“परवाही माकडं. आणि मामा...” तो थांबला.

“मग उद्या मामा कुठे गावाला जाणार आहेत का?”

धनेशाने बराच वेळ फांदीवर चोच घासली. “यायला ऊन कलेल मला,” तो हळूच म्हणाला.

“चालेल. आजची थोडी फळं सकाळला ठेवते.”

दुसऱ्या दिवशी तो ऊन कलताना आला, तेव्हा फटीशी कुणी नव्हतं. सकाळची फळं खाऊन निवांत झोपलेल्या बायकोला दार वाजवून उठवावं लागलं. तिच्या पोटाखालचं एक अंडं मात्र आधीच जागं झालं होतं.